कप्तानाचा चेहरा

चित्र सुलटं करायच्या दिवशी कारखान्यात कुणी कुणाशी धड बोलत नसे. त्यातून आज थोरलीने सकाळपासून तोंडच उघडलं नव्हतं.

"टर्पेंटाइन कुठे ठेवलंस?" तिच्या नवऱ्याने, दादाने, विचारलं. तिने हनुवटीनेच फळीकडे दाखवलं.

"बोललीस तर पैसे पडतात का?"

तिने तेही ऐकून सोडून दिलं.

समोर भिंतभर कॅनव्हास उलटा उभा होता. वर वाळू, खाली आभाळ. वाळूतून लोंबकळणारी माणसं: गुडघे टेकलेले खलाशी, निशाण रोवणारा कप्तान, आणि पार कडेला, झाडांच्या आडून बघणारी बेटावरची माणसं. असले किनारे रंगवून या घराच्या तीन पिढ्या जगल्या होत्या. कुणीतरी शूर माणूस होडीतून उतरतो, मागे त्याची जहाजं, पुढे दुसऱ्याची जमीन. मूळ चित्रं कुठल्या कुठे, मोठमोठ्या दालनांत. यांच्या हाताने रंगवलेल्या नकला मात्र हॉटेलांत, जहाज कंपन्यांच्या कचेऱ्यांत, हौशी लोकांच्या दिवाणखान्यांत. ही नक्कल बंदरावरच्या नव्या हॉटेलची होती. त्यांचा माणूस दुपारी बघायला यायचा होता.

उलटं रंगवायचं हा नियम थोरलीच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या वडिलांचा. सुलटं चित्र समोर असलं की हात दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतो, असं ते म्हणत. म्हणून छापील नमुना उलटा टांगायचा, कॅनव्हासही उलटा, आणि चौकोनामागून चौकोन भरत जायचं. नाक म्हणजे नुसती सावली, ओठ म्हणजे दोन पट्टे. आभाळ आधी, मग पाणी, मग कपडे, मग चेहरे, आणि सगळ्यांच्या शेवटी कप्तानाचा चेहरा. तो झाला की घरादेखत चित्र फिरवायचं. त्याआधी कुणी मान वाकडी करून बघितलं, की अण्णांची काठी फरशीवर आपटलीच.

कप्तानाचा चेहरा ज्याच्या हातात, त्याचा कारखाना. असं कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण घरात सगळ्यांना ते माहीत होतं. आजवर तो अण्णांनीच रंगवला होता. त्यांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हा थोरलीला वाटलं, आता आपण. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती आभाळं रंगवत होती. वादळाची, पहाटेची, जहाज दिसण्याआधीची. आणि अण्णांनी ब्रश दिला तो धाकट्या सुनेला, धाकटीला. काल-परवा आलेली, कडेवर पोर, केसांत नेहमी कुठेतरी रंग लागलेला.

"थोरली, तुझं आभाळ दुसऱ्या कुणाला जमायचं नाही गं," अण्णा तेव्हा म्हणाले होते. किती गोड बोलले. म्हणजे तू आपली तिथेच राहा, असंच ना?

आणि काल दुपारी ती तिथे राहिली नव्हती.

काल बाळी रडली म्हणून धाकटी ब्रश तसाच ठेवून आत धावली. कप्तानाचा जबडा आभाळाला जिथे भिडतो ती कड अजून ओली होती. ओली कड मिसळायचं काम आभाळवालीचंच, त्यात चोरी काही नव्हती. थोरलीने कड मिसळली. मग कडेच्या आतलं जरासं. हनुवटी तर धाकटीने इतकी गुळगुळीत केली होती की साबण लावल्यासारखी. तिने हनुवटी सारखी केली. गालावरची घडी खाली आणली. मग खालचा ओठ. आत बाळीचं रडणं थांबलं, पाळण्याची कडी कुरकुरली, तोवर थोरली आपल्या ढगापाशी परत आली होती. कानशिलं तापली होती आणि बोटांना, किती दिवसांनी, गंमत वाटत होती.

धाकटी आली. चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. डोळे चोळले. मग तिने भुवया करायला घेतल्या.

.

"या रे सगळे," अण्णांनी हाक दिली. ते खुर्चीत बसले होते, थरथरता हात शालीखाली. शेजारी त्यांची बहीण, आत्या. चौकटींवर सोनेरी वर्ख चढवायचं काम तिचं, त्यामुळे तिच्या बोटांची टोकं कायम चमकायची आणि ती ज्याच्या-त्याच्या गालाला लावायची.

दोरावर दोघे भाऊ. दादा रंगवत नव्हता. लाकडी सांगाडे जोडणं, कॅनव्हास ताणणं, गिऱ्हाइकांशी बोलणं त्याच्याकडे. धाकटा पाणी आणि जहाजं करायचा. धाकटी बाळीला घेऊन दारात उभी, तिच्या पायांत कळ आली होती हे तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं.

"ओढ. हळू. अरे हळू, तुझ्या बापाचं आहे ते."

"बापाचंच आहे, अण्णा."

कॅनव्हास कण्हत फिरला. वाळू खाली आली, आभाळ वर गेलं, लोंबकळणारी माणसं पायांवर उभी राहिली. दर वेळी या क्षणाला कुणाच्या तरी तोंडून 'वा' निघायचा. आज निघाला नाही.

बाळीने आईच्या खांद्यावरून मान काढली, कप्तानाकडे पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि खुदकन हसून म्हणाली, "का-का!"

"मी इकडे आहे, बाळे," दादा दोर बांधता बांधता म्हणाला. आणि त्याने वर बघितलं.

टोपी परक्याची होती. डोळे छापील नमुन्यातले, दूरवर लागलेले. पण त्यांच्याखाली ते आडवं हाड, तो हनुवटीतला खळगा, आणि डावीकडे किंचित सरकलेला तो जाड ओठ, काहीतरी बोलायचंय पण नको, अशा बेतातला.

"अगं बाई," आत्या म्हणाली. "आपला दादा निघाला की जग जिंकायला!"

दादा हसला, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला. "छे. माझं नाक एवढं... नाक वेगळं आहे."

"नाकाचं सोड. तोंड तुझंच आहे. कालच या तोंडाने मला चहा थंड आहे म्हणालास."

.

धाकटा दोर धरून तसाच उभा राहिला. गाठ मारायची राहिली होती.

बाळीने अजून 'बाबा' म्हटलं नव्हतं. तो रोज रात्री तिच्या पाळण्याशी बसून म्हणायचा, बा-बा, बा-बा. ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघायची आणि जांभई द्यायची. आणि आज पहिला शब्द आला तो काका. तोही कुणाकडे बघून? तिच्या आईने काढलेल्या काकाकडे.

"सुरेख जमलाय," तो म्हणाला.

धाकटीने चमकून पाहिलं. "मी नाही काढला असा."

"मग माझ्या पाण्यातून वर आला का?"

"अहो, काय बोलताय! उलटं होतं. मी चौकोन भरत होते."

"किती दिवस चाललं होतं हे? मी विचारलं, झाला का चेहरा, तर म्हणे अजून ओठ बसत नाही. ओठ बसत नाही!" तो बायकोशी बोलत होता, पण बघत होता भावाकडे. लहानपणापासून हे असंच होतं. शाळेत मास्तर त्याला 'दादाचा भाऊ' म्हणायचे. सायकल दादाची उतरलेली, शर्ट दादाचे उतरलेले. एवढी एक गोष्ट कोरी करकरीत त्याच्या वाट्याला आली होती, घरातला सगळ्यांत चांगला हात असलेली बायको. "ओठच काढायचा होता तर माझ्यात काय कमी होतं? मीही घरातच असतो. माझा का नाही आला?"

"अरे ए," दादा म्हणाला, "मी काय केलं यात?"

"तू कधीच काही करत नाहीस, दादा. तुला नुसतं मिळतं."

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण तिथे ब्रश लावला होता हे या घडीला तिच्या मनातही नव्हतं. तिला दिसत होता तो फक्त तो ओठ. तो ओठ असा सरकतो हे बाहेरच्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. गिऱ्हाइकांसमोर दादा हसरा असायचा. ओठ असा व्हायचा तो घरी, दार लावल्यावर, भांडण मिटवायचं असून मिटवता येत नसलं की.

"नुसतं येता-जाता बघून असा ओठ येत नाही," ती म्हणाली. आवाज इतका शांत की आत्याने बोटं पदराला पुसणं थांबवलं. "जवळून बघावा लागतो."

"ताई!"

"मी काही म्हटलं का? भिंतीवर आहे ते सगळ्यांना दिसतंय. आता मला कळलं, आमच्या ह्यांना हिला रंगांचे डबे काढून द्यायला इथे तासन्‌तास का लागतात ते."

"अगं, डबे वरच्या फळीवर असतात," दादा म्हणाला. "तिचा हात पोचत नाही."

"पोचला की."

धाकटीचे डोळे भरून आले. बाळीने आईचं तोंड जवळून न्याहाळलं, गालावरचं पाणी बोटाने दाबून पाहिलं आणि ते बोट चोखलं.

.

अण्णा खुर्चीत मागे रेलले. बाहेरून त्यांचा चेहरा कठोर होता. आत मात्र, त्यांचं त्यांनाच नवल वाटावं असं, काहीतरी सैल होत होतं.

गेले किती दिवस ते या खुर्चीतून त्या पोरीचा हात बघत होते. न घाबरता उतरणारा हात. त्यांना तसा कधीच आला नव्हता. त्यांनी सगळं घासून घासून मिळवलं होतं. ही एका हाताने पोर सांभाळायची आणि दुसऱ्याने कान रंगवायची, आणि कान होऊन जायचा. रात्री शालीखाली आपला हात दुसऱ्या हाताने दाबून धरताना त्यांच्या मनात येई, एकदा तरी चुकू दे हिचं. एकदाच.

चुकलं होतं. आणि कसं घसघशीत चुकलं होतं!

"माझ्या बापाचा नियम होता," ते म्हणाले. "ओळखीचं माणूस नकलेत आलं की तो हात चेहऱ्यावर चालायचा नाही. धाकटी, तू पोरीकडे बघ आता. थोरली, पुसून घे ते तोंड. नव्याने कर. यापुढे चेहरे तुझ्याकडे."

"अण्णा, घाई करतोस," आत्या म्हणाली.

"माणूस दुपारी येणार आहे. घाई करायला नको?"

"मी त्या घाईबद्दल बोलत नाही."

धाकटीने बाळीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि मोकळ्या झालेल्या हाताने आपले ब्रश एकेक करून फडक्यात गुंडाळायला लागली. सगळ्यांत बारीक ब्रश तिने आधी फुंकर मारून कोरडा केला, मग ठेवला. धाकटा बघत होता. पुढे झाला नाही.

"आपण वरच्या खोलीत बोलू," तो एवढंच म्हणाला. "सगळंच बोलू एकदा."

.

थोरलीला हवं ते मिळालं होतं. तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं, पिळलं आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढून कप्तानासमोर उभी राहिली.

जवळ गेलं की चित्र नाहीसं होतं, रंग उरतो. ओठ गेला, उरला एक गुलाबीकरडा पट्टा. डावीकडून उजवीकडे ओढलेला, आणि शेवटी ब्रश उचलताना जरासा फरफटलेला. अशी फरफट कुणाची असते? तिने डोळे वर केले. कप्तानाच्या टोपीमागे तिचा ढग होता. ढगाची खालची कड डावीकडून उजवीकडे, आणि शेवटी तीच फरफट. पलीकडच्या ढगाची तीच. दिवाणखान्यांत आणि हॉटेलांत लागलेल्या तिच्या सगळ्या ढगांची तीच.

तिने हनुवटी पाहिली. गालाची घडी पाहिली.

फडक्यातून टर्पेंटाइन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. म्हणजे ती जिचा जीव घेत होती, ती बाई ती स्वतःच होती. एवढा राग आला होता, आता तो ठेवायचा कुठे?

खाली धाकटीने ब्रशांच्या गुंडाळीला गाठ मारली. या घडीला थोरली नुसतं फडकं फिरवू शकली असती. एक फटका आणि ओठावरची ढगाची फरफट गेली असती, चेहरे तिचे, कारखाना तिचा, आणि ती पोर वरच्या खोलीत बसून आयुष्यभर सांगत राहिली असती की मी नाही काढला. तिने फडकं उचललंही. तेवढ्यात धाकटी दारातून वळली, आणि थोरलीला तिच्या पाठीवर, ब्लाउजच्या खाली, बाळीच्या दुधाची सुकलेली गुळणी दिसली. सकाळपासून तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण सांगायला हवं होतं, हा एवढाच साधा विचार थोरलीच्या मनात आला.

"थांब गं," ती म्हणाली. "हा ओठ माझा आहे."

"म्हणजे?" अण्णा.

"मी काढलाय. काल, ही बाळीला पाजायला गेली होती तेव्हा. कड मिसळायला घेतली आणि..." तिने हाताने दाखवलं, आणि आत, आणि अजून आत.

"कडेकडेने कुठवर गेलीस गं!" आत्या म्हणाली. "या कप्तानाचंही असंच झालं असणार. पाणी प्यायला उतरला आणि निशाण रोवून बसला."

कुणी हसलं नाही, आत्या सोडून. ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

"तू?" दादा शिडीच्या पायथ्याशी आला. "तू मला काढलंस?"

"मी काय मुद्दाम काढलं! हिने बाईसारखी हनुवटी केली होती. मी म्हटलं, जरा पुरुषाचं तोंड करावं. उलटं होतं, मला काय दिसतंय? हात गेला तसा गेला." तिचा आवाज चढला, कारण आता रडू येत होतं. "इतकी वर्षं ढग आणि तुमचं तोंड, एवढंच तर बघितलंय. तिसरं कुठून आणू?"

दादाचे कान लाल झाले. त्याने वर कप्तानाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि ओठ अगदी तस्साच डावीकडे सरकला.

"आणि तू गप्प का राहिलीस?" अण्णा धाकटीवर ओरडले, कारण कुणावर तरी ओरडायला हवं होतं. "तुझं काम कुणी बदललं ते तुला कळू नये?"

"कळलं होतं थोडं," धाकटी म्हणाली. "पण मला वाटलं, मीच केलं असेन. झोप नसते, अण्णा. परवा मी मिठाच्या डब्यात फणी ठेवली."

शालीखाली अण्णांचा हात जोरात थरथरत होता. मघा जो सैलपणा आला होता त्याची आता त्यांना लाज वाटत होती, आणि तो गेला याचं वाईटही वाटत होतं.

"ब्रश सोड ते," ते शेवटी म्हणाले. "पुसा तोंड. आणि तूच कर. तुझा चौकोन आहे."

"राहू द्या की," दादा म्हणाला. "बरा दिसतोय मी."

"हॉटेलवाल्याला तू रोज दिसतोस. त्याला कप्तान हवाय."

थोरली शिडीवरून उतरली, फडकं धाकटीच्या हातात दिलं. दोघींची बोटं टर्पेंटाइनने थंडगार. "माफ कर" असं काही ती म्हणाली नाही. तिने धाकटीला पाठमोरी केली, आपल्या कोरड्या पदराने ती दुधाची गुळणी खसाखसा पुसली, आणि बाळीला घेतलं. "पुस तू," ती म्हणाली. "माझ्याने व्हायचं नाही ते."

.

धाकटी शिडीवर चढली. सगळं तिच्या बाजूने झालं होतं. चेहरे तिचे, बोल पुसला गेला, अण्णाही नमले. आता बरं वाटायला हवं होतं.

तिने फडकं वर नेलं आणि तिचा हात थांबला. काय ओठ होता तो! ती चार दिवस त्या तोंडाशी झटत होती आणि ते मेलेलं राहिलं होतं. आणि या बाईने, जिने जन्मात चेहरा काढला नव्हता, घाईत, चोरून, उलट्या बाजूने, आपला नवरा काढला होता. न बघता. तिच्या बोटांतच तो होता. त्याचं न बोलणंसुद्धा होतं.

धाकटीला काहीतरी टोचलं. ते काय आहे हे ओळखायला तिला जरा वेळ लागला, कारण आजवर या घरात तिचा हेवा बाकीचे करत आले होते.

माझा हात असाच मोकळा सोडला तर कोण येईल? तिने डोळे मिटून बघितलं. बाळी आली लगेच, पापण्यांसकट. नवऱ्याची पाठ आली, पाण्यासमोर वाकलेली. आवाज आला. तोंड येईना. त्याचा वरचा ओठ कसा आहे? भुवई कुठे तुटते? गेलं वर्षभर ती त्याला अर्ध्या झोपेत, अंधारात, पोरीच्या डोक्यावरून बघत आली होती. मघा तो विचारत होता, माझा का नाही आला. तेव्हा तिला राग आला होता. प्रश्न काही खोटा नव्हता.

तिने फडकं फिरवलं. भुवया आधी, मग गाल, मग हनुवटी. ओठ शेवटी, एका दमात.

खाली दादा आणि थोरली बाळीला घेऊन खिडकीशी गेले होते. हळू आवाजात भांडत होते. थोरली म्हणत होती की त्या डब्यांना आता खालची फळी करा. अण्णांचे डोळे मिटलेले होते. आत्या दोराजवळ जाऊन धाकट्याच्या गालाला सोनं लावत होती, आणि तो तोंड चुकवत होता.

"अहो," धाकटीने वरून हाक मारली.

त्याने मान वर केली नाही. "काय?"

"इकडे या. खिडकीच्या उजेडात उभे राहा जरा."

"कशाला? माणूस येईल एवढ्यात. कप्तानाला तोंड नाहीये."

"येईल त्याला तोंड. तुम्ही या."

तो आला. हातांचं काय करावं ते न कळून त्याने ते पाठीमागे बांधले. एका गालावर सोनं, डोळ्यांत अजून रुसवा. ती शिडीवरून उतरली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि बघायला लागली. तो आधी तिच्या खांद्यावरून बघत राहिला, मग फरशीकडे, मग नाइलाजाने तिच्याकडे.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"हलू नका," ती म्हणाली. "आत्ताच तर सुरुवात केलीय."